हेराल्डची बॉडी चासीवरून सुटली

मंडळी, माझ्या जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीची बॉडी या रविवारी चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उचलली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आता एका अंगाला लाकडी घोड्यांवर टब (छत आणि दारं काढलेली बॉडी) आणि दुसऱ्या अंगाला इंजिन-गिअरबॉक्ससकट उघडी चासी आहे.

ज्यांनी हेराल्ड कधी खोललेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ही गाडी १९५९ साली इंग्लंडमध्ये आली तेव्हा मोनोकॉकचा, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या अखंड बॉडीचा, जमाना सुरू झालेला होता. पण स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो कंपनी १९५३ मध्येच बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्धी कंपनीने) विकत घेतली होती. त्यामुळे वेगळी चासी ठेवून तिच्यावर सुट्या भागांची बॉडी बोल्टने बसवायची, असं ठरलं. रेखाटन इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. त्या वेळच्या अडचणीचा फायदा आज आपल्याला होतोय. मोनोकॉक असलेल्या प्रीमियर पद्मिनीचा तळ गेला की गाडीचं बळच जातं; इथे सगळं वरचं बाजूला ठेवून चासी निवांत दुरुस्त करता येते.

हेराल्डचं छत बोल्टवर निघतं, पुढचा आणि मागचा टबही पुढच्या सीटखाली एकमेकांना बोल्टनेच जोडलेले असतात. बरेच जण ते वेगवेगळे काढतात, उचलायला हलकं पडतं. मी छत काढलं, पण दोन्ही टब एकत्रच ठेवले. चासीचे बाजूला निघणारे हात, म्हणजे आउटरिगर, इतके गंजलेत की त्यांच्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही. मूळ माप कुठे शिल्लक असेल तर ते या जुन्या बॉडीतच. म्हणून दारं लावून, फटी सारख्या करून, दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत अँगल वेल्ड केला. आणखी एक आडवा, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. पेट्रोलची टाकी अर्थातच त्याआधी बाहेर. दारं नंतर उतरवली.

मग मापं. प्रत्येक माउंटिंगपासून, म्हणजे बॉडी चासीला बोल्टने बसते त्या जागेपासून, ओळंबा सोडून जमिनीवर खूण, कर्णांची मापं, फोटो. माउंटिंगखालची पॅकिंगं खुणेनिशी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली, कारण दाराची फट शेवटी त्यांच्या जाडीवर ठरते. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई इथेच होते. कृपा करून करू नका.

बोल्टबद्दल एक सांगायलाच हवं. ५/१६ यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची मापाच्या) बोल्टच्या डोक्याला १/२ इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या डोक्यावर तो कोपरे खाऊन टाकतो. खरा इंची सॉकेट घ्या, सहा कोनी. डब्ल्यूडी-४० रात्रभर मुरू द्या. तरीही हललं नाही तर ग्राइंडरने डोकं उडवा. नवा बोल्ट पतऱ्यापेक्षा नेहमीच स्वस्त.

स्टिअरिंगचा कॉलम, ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरच्या केबल, वायरिंग हे सगळं सुटलं, गिअरबॉक्सवरचं झाकण निघालं आणि चेन कप्पी लावली. टबाखालून दोन मजबूत पाइप आडवे घातले. आमचे डेन्टर काका म्हणाले, "आधी चार बोटं उचला आणि थांबा." बरोबर होतं ते. मागचं एक पॅड चासीला चिकटलेलं होतं. तसंच ओढलं असतं तर तिथला पतरा फाटला असता. पातळ पट्टी घालून ते सोडवलं आणि मग बॉडी वर घेतली. बॉडी सरकवू नका, ती टांगलेली राहू द्या आणि चासी तिच्याखालून चाकांवर ढकलत बाहेर काढा.

चासीच्या मधल्या दोन मुख्य पेट्या, म्हणजे लांब पोकळ तुळया, हातोडीने वाजवून पाहिल्या, आवाज खणखणीत आहे. फार आनंद झाला! आउटरिगर मात्र गेले, त्यातही मागचे जास्त. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल तिथे साठतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो महिनोन् महिने ओलाच असतो. ड्रायव्हरच्या पायाखाली कुणीतरी जुन्या पतऱ्यावरच नवा पतरा ठोकला होता आणि दोन्हींच्या मध्ये पाणी धरून सगळंच कुजलंय. असं ठिगळ म्हणजे गंजाला घर बांधून देणं. कुजलेलं कापून चांगल्या धातूपर्यंत जायलाच हवं.

पुढची पायरी सँडब्लास्टिंग. त्यानंतर आउटरिगर एकेक करून बदलायचे, दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. नवा तुकडा आधी फक्त टॅक करणार (ठिपक्यांनी तात्पुरता वेल्ड), बॉडी परत ठेवून दाराच्या फटी बघणार आणि मगच सीओटू गॅसच्या वेल्डिंगने पूर्ण वेल्ड. डावा मागचा आउटरिगर मापण्याइतकाही उरलेला नाही. कुणाची दोन दारांची हेराल्ड सध्या उघडी असेल तर मुख्य पेटीपासून माउंटिंगच्या भोकापर्यंतचं अंतर आणि पेटीची उंची तेवढी कळवा.