मुडीगंगेच्या काठी, भरतीची वाट बघत

गोमुखाशी गंगेचं पाणी राखाडी असतं. हिमनदी सरकताना खालचा खडक भरडत जाते आणि ते दगडाचं पीठ घेऊनच पाणी बर्फाखालून बाहेर पडतं. बाटली भरून ठेवली, तर थोड्याच वेळात तळाशी करडा थर बसला. वरचं पाणी तरीही गढूळच.

टिहरीला २६०.५ मीटर उंच धरणामागे हीच भागीरथी संथ, हिरवी दिसली. गाळ तिथे खाली बसतो. देवप्रयागला हिरवट भागीरथी आणि मातकट अलकनंदा बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात. पुढचं मैदान रेल्वेत, रात्रीत संपलं.

मग बंगालमधल्या काकद्वीपजवळचा लॉट नंबर ८ चा धक्का. पलीकडे गंगासागरच्या तीर्थाचं सागरबेट, मध्ये मुडीगंगा, म्हणजे हुगळी या गंगेच्या फाट्याची समुद्राजवळची शाखा. हातात तिकीट, समोर लाँच, आणि लाँचखाली चिखल! "भाटा है दीदी, पानी आएगा तब जाएगी," लाँचवरचा पोऱ्या म्हणाला. गर्दी वाढत गेली. सावली अपुरी, बसायला जागा नाही, गाठोडी उराशी धरून म्हाताऱ्या बायका जमिनीवरच टेकलेल्या. माझी चिडचिड झाली, पण उठून जाणार कुठे? पात्राकडे बघत राहिले.

चिखलात रोवलेल्या एका बांबूवर ओल्या रेघा होत्या. त्यातली खालची रेघ बुडाली, मग तिच्या वरची. जलपर्णीचे झुबके आतापर्यंत समुद्राकडे चालले होते, ते थबकले, जागच्या जागी फिरले आणि उलटे, वरच्या अंगाला निघाले. एवढी मोठी नदी माझ्यासमोर मागे वळली. भरती-ओहोटी लहानपणापासून माहीत आहे, पण अंगावर काटा आला तो त्या क्षणी.

आमची वाट अडवणारा तो चिखल म्हणजे बराचसा हिमालयच. हुगळीतला गाळ धुऊन निघावा, कोलकाता बंदर चालू राहावं, म्हणून १९७५ मध्ये गंगेचं पाणी हुगळीत वळवणारा फराक्काचा बंधारा सुरू झाला. तरीही मकरसंक्रांतीच्या मेळ्याआधी लाँचसाठी इथला गाळ उपसावा लागतो. गंगाजलाचं एवढं कौतुक करतो आपण, गाळाचं नावही घेत नाही. बंगालची ही सगळी सखल जमीन त्यानेच तर घडवली.

आणि तीच जमीन समुद्र खातोय. जवळचं घोडामारा बेट झिजत झिजत लहान झालंय, तिथली कित्येक कुटुंबं उठून सागरबेटावर आली आहेत. सागरचाही दक्षिण किनारा खचतोय. कपिलमुनींचं जुनं देऊळ समुद्रात गेलं, आताचं मागे सरकून बांधलेलं आहे. त्या देवळामागच्या वाडीत एका बाईंनी आम्हाला पाणी दिलं. त्या घोडामाऱ्याच्याच. तिथलं घर कुठे होतं विचारलं, तर म्हणाल्या, आता तिथून लाँच जाते.

लाँच उशिरा सुटली याची माझी तक्रार नाही. भरतीला कोण काय करणार? पण धक्क्यावर सावली हवी. देशभरातून म्हातारी माणसं तिथे येतात आणि उन्हात बसून राहतात.