छेदाचा वर्ग

शाळेला जोडून असलेल्या आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला विकलन, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते ते काढण्याची रीत, शिकताना बेरीज-वजाबाकीचे नियम कोणाला जड गेले नाहीत. भागाकाराच्या नियमाने मात्र वर्गाला घाम फोडला. ‘छेद गुणिले अंशाचे डेरिव्हेटिव्ह (विकलनाने येणारे उत्तर), वजा अंश गुणिले छेदाचे डेरिव्हेटिव्ह, भागिले छेदाचा वर्ग’ हे पाढ्यासारखे घोकायला सरांची सक्त मनाई होती. त्यांनी फळ्यावर क्ष च्या पाचव्या घाताला क्ष वर्गाने भागलेला अपूर्णांक मांडला आणि अंश व छेद यांचे स्वतंत्रपणे विकलन करून भागाकार घ्यायला लावला. उत्तर आले अडीच क्ष घन. वास्तविक तो अपूर्णांक म्हणजे निव्वळ क्ष घन, आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह तीन क्ष वर्ग! कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझनेही नोव्हेंबर १६७५ मधील टिपणांत नेमकी हीच शंका तपासून पाहिली होती व तो सोपा मार्ग चुकीचा ठरवला होता, हे सरांनी तेव्हाच सांगितले. त्याचे नियम छापून आले ते १६८४ साली.

मग भागाकाराला छेदाने गुणले की अंश मिळतो, या चौथीतल्या पडताळ्यालाच गुणाकाराचा नियम लावून त्यांनी चार ओळींत सूत्र काढून दाखवले. मधले वजाचे चिन्ह कशासाठी, तर धन अपूर्णांकाचा छेद वाढला की किंमत घटते म्हणून; हे एकदा पटल्यावर कोणते पद आधी लिहायचे याचा घोळ उरला नाही. अंशात नुसती स्थिर संख्या असताना हा नियम वापरणाऱ्याची, किंवा छेदाचा वर्ग विनाकारण विस्तारून लिहिणाऱ्याची वही परत येई. हे मला तेव्हा जाचक वाटे, आता रास्त वाटते.

पुढे मी परिव्यय लेखापालाच्या (कॉस्ट अकाउंटंट) व्यवसायात आलो. सरासरी खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले उत्पादन. त्याचे भागाकाराच्या नियमाने विकलन करून अंश शून्य धरला, की उत्पादन गुणिले सीमांत खर्च (आणखी एक नग काढताना वाढणारा खर्च) बरोबर एकूण खर्च, म्हणजेच सीमांत खर्च सरासरी खर्चाइतका, अशी अट हाती येते. सरासरी खर्चाचा वक्र सर्वांत खालच्या बिंदूपाशीच सीमांत खर्चाच्या वक्राला का छेदतो, हे माझे सहाध्यायी आकृतीवरून पाठ करत होते. मला त्यासाठी कागदावर दोन ओळी पुरल्या.