साडू म्हणजे साडूच!

आज दिवसभर ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका परत बघत बसले. हँक हा अमली पदार्थ विभागातला कसलेला गडी. अख्खं अल्बुकर्की शहर पालथं घालतो, पण चोरून अमली पदार्थ बनवणारा स्वतःचा साडू, रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर, काही दिसत नाही! पहिल्याच सीझनमध्ये वाळवंटात सापडलेल्या गॅस मास्कचा माग थेट वॉल्टरच्या शाळेच्या लॅबपर्यंत येतो. साहेब तिथलं सामान मोजतात आणि पकडतात कुणाला? सफाई कामगाराला, तेही गांजासाठी!

हँक बिनडोक नाही. त्यानं वॉल्टरला कधीच ‘बिचारा मास्तर’ ठरवून टाकलंय, त्यात वर कॅन्सर. ज्याची कीव करायची त्याच्यावर संशय कसा घेणार? शिवाय साडूच चोर निघाला तर स्वतःच्या हुशारीचं काय, हेही असणारच. शेवटी २०१२ च्या भागात उलगडा होतो तो वॉल्टरच्याच घरी, संडासात पुस्तक चाळताना!