पदर आणि घड्या

कपाटाचे काम चालू असताना सुताराने प्लायच्या फळीची नुकतीच कापलेली कड माझ्यासमोर धरली, तेव्हा एकमेकांवर चिकटवलेले लाकडाचे पातळ पापुद्रे स्पष्ट दिसले. एकाचे तंतू उभे, तर त्याखालच्याचे आडवे. प्लाय म्हणजे थर किंवा पदर, म्हणूनच लोकरही दोन प्लाय, चार प्लाय अशी मिळते. शाळेत ज्याने आम्हांला पुरते छळले तो ‘मल्टिप्लाय’ याच घराण्यातला आहे, हे मात्र ती कड पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

लॅटिनमध्ये ‘मुल्तुस’ म्हणजे पुष्कळ आणि ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे. पुष्कळ घड्यांची ही कल्पना जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. गणिताच्या जोडीने तेथे ती वाढणे, बहरणे या अर्थानेही वावरली. १६११ च्या इंग्रजी बायबलात देव मानवाला जो आशीर्वाद देतो, त्यात हेच क्रियापद आहे आणि मराठी बायबलात त्या जागी ‘बहुगुणित व्हा’ असे शब्द आहेत. भाषांतरकाराच्या मनात व्युत्पत्ती असो वा नसो, जुळणी इतकी चपखल आहे की हेवा वाटावा. कारण ‘बहु’ म्हणजे पुष्कळ आणि संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पेड. द्विगुण म्हणजे मुळात दोन पेडांची दोरी, आणि त्याचेच झिजलेले रूप ‘बे दुणे चार’ म्हणताना अजून आपल्या तोंडी असते. तिकडे घडी, इकडे पेड!

संस्कृत गणितात दुसरी, जरा हिंस्र परंपराही आहे. भास्कराचार्य ‘लीलावती’त (११५०) गुणाकाराची रीत सांगताना ‘हन्यात्’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मारावे. आपल्या बीजगणितातला ‘घात’ त्याच कुळातला.

मला स्वतःला पेडाची उपमा अधिक सोयीची वाटते, कारण दोनाचे तीन करायला आणखी एक पेड वळला की झाले. चादर मधोमध दुमडत गेले, तर दोन, चार, आठ असेच थर वाढतात आणि तिप्पट करायची तर पत्रासारखी तीन भागांत दुमडावी लागते. काल हे सगळे मनात घोळवत वर्तमानपत्राची घडी घालत बसलो. सहाव्या घडीला चौसष्ट थर झाले आणि सातवी काही केल्या बसेना.