अखेर धुकं वर चढलं: घरच्या इलेक्ट्रिक फायरप्लेसचा ताजा हिशेब

पाण्याच्या धुक्यावर खालून उजेड पाडून आगीचा भास देणारं फायरप्लेसचं खोकं मी घरी बनवतोय. काल रात्री त्यातली ज्योत पहिल्यांदा वर चढली. लाकडांच्या फटीतून निघाली, वीतभर उंच गेली आणि टोकाला विरली. इतके आठवडे जे धुकं ट्रेच्या काठावरून खाली सांडत होतं, तेच हे धुकं. त्यामुळे आजचं सगळं याच विषयावर.

मागच्या वेळी ठरलं होतं तसं फिरत्या दांडीचं प्रकरण मी बंद केलं. दांडीवर चकचकीत पट्ट्या लावून मागच्या पडद्यावर ज्वाळा पाडणं स्वस्त आहे, पण दांडीचा एक फेरा झाला की तोच आकार परत येतो. एकदा ते डोळ्यांना कळलं की आग दिसतच नाही, फेराच दिसतो. म्हणून मिस्ट मेकर, म्हणजे पाण्यात थरथरणाऱ्या चकतीने धुकं करणारं यंत्र, घेतला: 24 व्होल्ट, 20 मिमीची चकती, साधारण 1.7 मेगाहर्ट्झवाली. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो काही शेकड्यांत मिळतो. चकती जादा घेऊन ठेवा, कारण झिजणारा भाग तोच आहे.

धुकं भरपूर यायचं. अडचण अशी की ते वर जायलाच तयार नव्हतं. पाण्याचे हे कण काही मायक्रॉनचे असले तरी त्यांचं वजन हवेवर पडतं, शिवाय बाष्पीभवनाने ती हवा गार होते. गार, जड हवा खालीच बसणार. 40 मिमीचा पंखा 12 ऐवजी 5 व्होल्टवर चालवला, तर धुकं फटीतून डोकं वर काढून लगेच जमिनीवर पसरायचं. व्होल्टेज वाढवलं की सरळ फवारा उडायचा, पातळ आणि पांढरा, वर थेंबांचे शिंतोडे. फट अरुंद केली, रुंद केली, पंखा बाजूने लावला, खालून लावला. मधली जागा सापडेना.

शिंतोड्यांचा इलाज आधी सापडला. चकतीच्या वर पाण्याची उसळी येते तिथे तिरका अॅक्रिलिकचा तुकडा बसवला. मोठे थेंब त्यावर आपटून परत ट्रेत पडतात आणि बारीक धुकं वळसा घालून पुढे जातं. पाणी चकतीच्या वर 3 सेंमीच्या आसपास ठेवतो. जास्त झालं तर धुकं कमी होतं, फार उतरलं तर चकती जळते. पाणी उतरलं की वीज तोडणारा फ्लोट स्विच म्हणूनच हवा, तिथे पैसे वाचवू नका.

आणि मग उष्णता. धुक्याला वर न्यायचं तर ढकलण्यापेक्षा त्याच्या भोवतीची हवा तापवायला हवी. फटीच्या दोन्ही बाजूंना 12 व्होल्टचे 20 वॅटचे हॅलोजन लावले, सिरॅमिक होल्डरमध्ये, पुढे काच असलेले, पाण्याच्या बाजूला पण वर नाही. पंखा अगदी मंद केला. पाचेक मिनिटांत हवा तापली आणि धुकं उचललं गेलं! प्रकाश खालून येत असल्यामुळे बुडाशी ते पिवळंधमक दिसतं आणि वर जाईल तसं फिकं होतं. ज्वाळेत असतं अगदी तसंच. कितीही महागड्या एलईडी पट्टीने मला हे मिळालं नव्हतं.

पण हॅलोजन ठेवणार नाही, हे लिहिता लिहिताच पक्कं होतंय. दिव्याची काच दोनशे अंशांच्या वर जाते, त्यावर थेंब पडला की ती तडकू शकते. रंगीत फिल्म त्या उष्णतेत वितळते, म्हणजे रंगीत काच शोधत बसा. आणि उजेड कमी करायचा तर उष्णताही कमी होते, की धुकं पुन्हा खाली. उजेड आणि ऊब वेगवेगळी हवीत. उजेडासाठी 3 वॅटचे अंबर एलईडी, आणि उबेसाठी अॅल्युमिनियम कवचाचा 22 ओहमचा, 50 वॅटचा रेझिस्टर, म्हणजे वीज गेली की तापणारा भाग. 24 व्होल्टवर तो साधारण 26 वॅट देतो, म्हणजे क्षमतेच्या जेमतेम निम्मा. तो 3 मिमीच्या अॅल्युमिनियम पट्टीवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून घट्ट बसवायचा, कारण उघडा ठेवला तर 50 वॅट हा आकडा कागदावरच राहतो. पट्टीवर 70 अंशांना वीज तोडणारा केएसडी301 कटआउट, आणि त्याच्या जोडीला सिरीजमध्ये एकदाच उडणारा थर्मल फ्यूज. कटआउट गार झाला की आपोआप जुळतो, म्हणून एकट्यावर विसंबायचं नाही. फ्लोट स्विच आता मिस्ट मेकर आणि रेझिस्टर दोन्ही तोडेल. 24 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज 24 व्होल्टवर आणणारा डबा) आहेच, त्याला एवढा भार जड नाही.

एसएमपीएस खोक्याच्या बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. आत फक्त 24 व्होल्टची केबल जाते, तीही आत शिरण्याआधी खाली झोल देऊन, म्हणजे ओघळ आला तर झोलावरून टपकेल. धातूच्या ट्रेला अर्थिंग, आणि या सॉकेटच्या मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. जास्त भार आला की उडणाऱ्या नुसत्या एमसीबीने शॉकपासून संरक्षण मिळत नाही.

खरा हीटर या खोक्यात बसवायचा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माझं मत ठाम आहे: नाही. 2000 वॅटचा फॅन हीटर 230 व्होल्टला 8.7 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट लागतं आणि आजूबाजूला मोकळी हवा. लाकडी चौकटीत, पाण्याच्या शेजारी त्याला कोंबणं म्हणजे आगीला आमंत्रण. आयएसआय मार्कचा तयार हीटर वेगळा ठेवा, पडदे-सोफ्यापासून मीटरभर लांब. पुण्याच्या थंडीला तेवढं पुरतं.

लाकडं मात्र सुरेख झाली आहेत. कोंबडीजाळीच्या सांगाड्यावर पांढरा सिमेंट थापला आणि ओला असताना त्यावर बाभळीची साल दाबली. सालीच्या खोल भेगा जशाच्या तशा उमटल्या. भेगांत काळा ऑक्साइड भरून वरचा भाग ओल्या फडक्याने पुसला. पीओपी वापरू नका, रोजच्या दमटपणात ते भुसभुशीत होतं. थर्माकोल तर नकोच. निखाऱ्यांसाठी मत्स्यपेटीतले काचेचे खडे, खाली नारिंगी एलईडी.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. बोअरचं पाणी घातलं तर त्यातले क्षार धुक्याबरोबर उडतात आणि टीव्हीवर पांढरी भुकटी बसते. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. आणि रात्री ट्रे रिकामा करून कोरडा पुसतो. साचलेल्या पाण्यातले जंतू हेच धुकं थेट आपल्या श्वासात पोचवतं. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर यात हयगय नको.

आतापर्यंतचा खर्च साडेचार हजारांच्या आत आहे. त्यातला मोठा वाटा एसएमपीएस, आरसीसीबी आणि सिमेंट फायबर बोर्डाचा, आणि तो योग्यच आहे. पुढच्या खेपेला रेझिस्टरवरचे तापमानाचे आकडे देईन. पट्टी 55 अंशांना धुकं उचलते की 65 लागतात, ते मोजायचंय. कुणी दोन छोट्या चकत्या वेगवेगळ्या वेळी चालू-बंद करून पाहिल्या असतील तर सांगा. ज्योतीला एका बाजूने हेलकावा द्यायचा माझा विचार आहे, आणि पंख्यापेक्षा ते चकतीकडूनच जमेल असं वाटतंय.