दोस्ताच्या घरची लाइट, कूलर आणि तो लूप

आमच्याकडं शेतातल्या मोटरीचा स्टार्टर खोलता आला आणि डीपीवरचा फ्यूज गेलाय हे लांबून ओळखता आलं की ह्या माणसाला लाइटीचं सगळं कळतं असं गाव धरूनच चालतं. मी त्यातलाच. आयटीआय नाही, वायरमनचं लायसन नाही, पण रात्रीची थ्री फेज आल्यावर मोटर का उठंना हे बघता बघता जे कळलं त्याच्यावर दोस्तमंडळींच्या घरचे पंखे, होल्डर, रेग्युलेटर करत असतो. पैसे कुणी देत नाही, आपण मागत नाही, वहिनी पोहे करतात, विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात परभणीतल्या एका दोस्तानं असंच बोलावलं, म्हणे कूलरला एक पॉइंट काढून दे आणि आलाच हायस तर बाथरूममधी गीझरचं पण करून टाक, वायरमन एवढ्याशा कामाला येतो म्हणून दोन दोन दिवस येत नाही. आता हे खरंच आहे, त्यामुळं त्याला काय बोलणार. मेन बंद केला आणि जुना बोर्ड खोलला.

आत थ्री पिन सॉकेटच्या मागं बोटभर वायरचा एक काळपट तुकडा, न्युट्रलच्या, म्हणजे करंट परत जायच्या वायरीच्या, स्क्रूमधून निघून वरच्या अर्थच्या स्क्रूत घातलेला. घरात अर्थिंगची, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी, वायरच ओढलेली नाही, मग कुणीतरी शेजारच्या न्युट्रलवरूनच अर्थ "दिला". हा लूप लई घरात सापडतो बरं का. चालतं सगळं, टेस्टर पण काही दाखवत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण मागं कुठं न्युट्रल तुटला, मीटरपाशी ढिला झाला, तर फेज कूलरच्या मोटरीतून फिरून न्युट्रलला येतो आणि पुढं वाट नाही म्हणून त्याच लूपमधून थेट कूलरच्या पत्र्यावर. आणि लाइनवर काम करताना कुणाकडून फेज-न्युट्रल उलटा जोडला गेला तर मग मोटर बिटर काही मधी नाही, पत्राच फेज. दर उन्हाळ्यात पेपरात ती बातमी असतेच, कूलरमधी पाणी भरताना शॉक बसून गेला. ओली फरशी, ओले हात, लोखंडी पत्रा, अजून काय पाहिजे.

दोस्त म्हणे एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका) आहे की, पडंल ना ती. लोकांचा एमसीबीवर जेवढा भरवसा आहे तेवढा सख्ख्या भावावर नसंल. अरे ती वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. 16 ॲम्पिअरची एमसीबी म्हणजे 16,000 मिलीॲम्पिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाच्या छातीतून 100 च्या आसपास गेला तरी हृदय बंद पडू शकतं, म्हणजे तुझा कार्यक्रम होईल आणि एमसीबीला पत्ता लागणार नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते, 30 मिलीॲम्पिअरची, फेजमधून गेलेला करंट न्युट्रलमधून तेवढाच परत येतोय का एवढंच ती बघत बसते, कमी आला की खटकन बंद. याच्या घरात ती नव्हतीच, वर 16 ची एमसीबी सारखी पडते म्हणून कुणीतरी 32 ची बसवून दिलेली, आणि आतली वायर लाइटची बारीक 1 एमएम. 2,000 वॅटचा गीझर साधारण 9 ॲम्पिअर ओढतो, त्यात इस्त्री लावली की वायर तापणार आणि एमसीबी गपगार.

मी स्क्रू परत आवळले आणि म्हणलं हे मी करणार नाही. होल्डर, स्विच, पंख्याचा कंडेन्सर सांग, मेन पाडून आत्ता करतो. नवीन पॉइंट, गीझर, अर्थिंग याला लायसनवाला माणूस आण. तो जरा रुसलाच. दोस्तीत हेच अवघड आहे, वायरमननं नाही म्हणलं तर माणूस दुसरा बघतो, दोस्तानं नाही म्हणलं तर भाव खातो म्हणतात. आणि खरं सांगायचं तर पॉइंट मी काढला असता, लाइट लागली असती, सगळे खूश. धोका लाइट लागते त्या दिवशी नसतो, आणि नंतर तिथं काकू पाणी भरत असतात, मी नसतो.

शेवटी एक जुना वायरमन आला. त्यानं लूप काढले, 2.5 एमएमची नवीन वायर ओढली, अंगणात खड्डा करून पाइप, कोळसा, मीठ टाकून अर्थिंग केली आणि काकूंना सांगितलं, मे महिन्यात इथं रोज बादलीभर पाणी टाकत जा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंग नेमकी तेव्हाच कमजोर होते जेव्हा घरोघरी कूलर चालू असतात, हे मलाही त्याच्याच तोंडून कळलं. मग आरसीसीबी बसवली, कूलर लावला, खट. परत लावला, परत खट. पंपातून आतल्या आत करंट लीक होत होता, कधीपासून कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दोस्ताचा फोन, "अबे ते नवीन खटकं कूलर चालूच देईना, आधीचंच बरं होतं, ते तेवढं डायरेक्ट करून देतोस का?"

म्हणलं पंप बदल भावा, दोन-तीनशेला येतो.