न मानणं

आज अमावास्या. मामेभावाची नवी स्कूटर आणायला निघालो, तर मामी दारातच म्हणाली, "आजचा दिवस राहू दे." मी म्हटलं, "मी नाही मानत हे." ती शांतपणे म्हणाली, "न मानणं हीसुद्धा तुझी श्रद्धाच की रे."

दिवसभर तेच डोक्यात होतं. देवाबद्दल तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. 'देव नाहीच' असं छातीठोक सांगणं हा दावा झाला, आणि दाव्याला आधार लागतो. मी एवढंच म्हणतो, मला अजून पटलेलं नाही. अमावास्येचं मात्र तसं नाही. अपघातांच्या तारखा काढा, मोजा. त्या दिवशी खरंच जास्त निघाले तर मी मत बदलेन. श्रद्धा अशी मोजायला तयार असते का?

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे तपासायलाच तर सांगत होते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा मंजूर झाला. त्यात देव मानण्यावर बंदी नाही, बंदी आहे ती नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्यावर.

संध्याकाळी स्कूटर आणलीच. मामी हँडलला लिंबू-मिरची बांधत होती. मामा गेला तीही अमावास्याच होती. तिचा हात थरथरत होता, म्हणून दोऱ्याचं दुसरं टोक मी धरलं.